गाडी बंद : दोष पेट्रोलचा की करंटचा?

जुन्या पेट्रोल पिकअपवर माल वाहणाऱ्या व्यापारी व कारागीर बंधूंसाठी आमचा हा तजुर्बा.

२००४ च्या लग्नसराईत मालेगावहून कापडाचे गठ्ठे घेऊन आम्ही नाशिकला निघालो. राहुड घाटात गाडी झटक्यात बंद पडली. अर्ध्या तासाने थंड झाली तशी चालू झाली आणि चांदवडच्या पुढे पुन्हा तेच! आम्ही पोचेपर्यंत गिऱ्हाइकाने दुसरीकडून माल उचलला होता. त्याआधीच्या पंधरा दिवसांत फिटरने पेट्रोल पंप बदलला, कार्बोरेटर दोनदा खोलला, बिल आमच्याकडून वसूल झाले. दोष निघाला कंडेन्सरमध्ये. बोटाच्या पेराएवढी ती वस्तू गरम झाली की काम सोडत होती.

गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, असे असेल तर कंडेन्सर किंवा कॉइलवर आधी शक घ्यावा. मात्र तपास गाडी बंद असतानाच करावा. चालू झाल्यावर दोष लपतो. सेल्फ फिरतच नसेल तर बॅटरी व तिचे टर्मिनल पाहावे. सेल्फ जोरात फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून कोरड्या रबरी पकडीने इंजिनच्या लोखंडापासून पाव इंच दूर धरावी व दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे. निळी, कडक ठिणगी पडली तर कॉइलपर्यंत सर्व ठीक. पुढे कॅप, रोटर, प्लग पाहावेत. पिवळी, मरतुकडी ठिणगी म्हणजे पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइल. पॉइंट जळून काळे पडत असतील तर नुसते घासून भागत नाही, कंडेन्सरही बदलावा. पॉइंटमधील फट साधारण अर्धा मिलिमीटर असते.

पावसाळ्यात कॅपच्या आत ओल धरते. कोरड्या फडक्याने पुसली की काम होते, आणि फडक्यांची आम्हा कापडवाल्यांना काय कमी! प्लगच्या वायरी काढताना मात्र नंबर टाकावेत. चार सिलेंडरच्या बहुतेक इंजिनांत क्रम १-३-४-२ असतो. अदलाबदल झाली तर करंट असूनही गाडी नुसते फटाके फोडते.

डिझेल गाडीवाल्यांनी हा खटाटोप करू नये. तिथे दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटते, ठिणगी नसतेच. त्यांनी हवा धरलेली लाइन आणि फिल्टर पाहावा.