‘पिंजरा’ची रिळे आणि माळेगावची ढोलकी

व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२ साली प्रदर्शित झाला आणि २०१६ साली त्याची डिजिटल तंत्राने सुधारलेली प्रत राज्यातल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागली. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत चित्रपट दुर्मीळ होत गेला, गाणी मात्र एक दिवसही थांबली नाहीत. नांदेड-लातूरकडच्या कित्येकांना ‘पिंजरा’ आधी भेटला तो जत्रेतल्या फडात, लग्नाच्या बँडवर किंवा रेडिओवर. पडद्यावर तो नंतर आला, काहींच्या वाट्याला आलाच नाही. सुधारलेल्या प्रतीचे मोल या भागात वेगळे ठरते ते यामुळे: कानात बसलेल्या लावण्या कोणत्या प्रसंगातून उगवल्या, हे तिने दाखवले.

कथा एका गुरुजींची आहे. गावाला वळण लावणारे, व्यसनांविरुद्ध बोलणारे, गावात आलेला तमाशा हुसकून लावायला निघालेले हे गुरुजी त्याच तमाशातल्या चंद्रकलेच्या मोहात सापडतात. एका खुनानंतर चेहरा विद्रूप झालेले प्रेत गुरुजींचेच आहे असे गाव मानते, त्यांना हुतात्मा ठरवते आणि त्यांचा पुतळा उभारते. जिवंत गुरुजी मात्र फडाबरोबर गावोगाव फिरत पडेल ते काम करत राहतात. शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोप त्यांच्यावर येतो आणि गावाच्या मनातला आदर्श मोडू नये म्हणून ते शिक्षा पत्करतात. या कथेचे मूळ ‘द ब्लू एंजल’ या १९३० सालच्या जर्मन चित्रपटात आहे आणि त्या चित्रपटाचे मूळ हाइनरिश मान यांच्या १९०५ सालच्या कादंबरीत. जर्मन चित्रपटातला शिक्षक विदूषक होऊन संपतो. पुतळ्याची कल्पना मात्र इथल्या मातीतली आहे. माणूस जिवंत असताना त्याचा पुतळा त्याच्यापेक्षा मोठा होतो, ही गोष्ट खेड्यातल्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागली नाही.

कथा अनंत माने यांची, संवाद शंकर पाटील यांचे, गीते जगदीश खेबुडकर यांची आणि संगीत राम कदम यांचे. गुरुजी झाले ते ‘नटसम्राट’मुळे रंगभूमीवर गाजत असलेले डॉ. श्रीराम लागू; हा त्यांचा पहिला चित्रपट. चंद्रकला झाल्या संध्या. निळू फुले तर लोकनाट्यातूनच चित्रपटात आलेले; ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्याने त्यांचे नाव आधीच गावोगाव पोचले होते. वत्सला देशमुख यांचीही भूमिका लक्षात राहणारी आहे. १९७२ सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘पिंजरा’ला मिळाला आणि पुढच्या वर्षी शांतारामांनी त्याची हिंदी आवृत्तीही काढली. ती मराठीइतकी रुजली नाही, याचे कारण उघड आहे: या चित्रपटाचा जीव ढोलकीच्या बोलात आणि खेबुडकरांच्या बोलीत होता, आणि त्या दोन्हींचे भाषांतर होत नाही.

राम कदम या संगीताला नवखे नव्हते. ‘केला इशारा जाता जाता’, ‘एक गाव बारा भानगडी’, ‘सोंगाड्या’ या चित्रपटांनी त्यांचा हात तयार झाला होता. तमाशाची बांधणी गण, गवळण, बतावणी, लावणी, वग अशी असते. चित्रपटात आणताना तिची मोडतोड करून एकेक सुटे गाणे उचलण्याची पद्धत पुष्कळ संगीतकारांनी वापरली. कदमांनी बांधणीचा क्रम सोडला तरी तिचे तर्कशास्त्र सोडले नाही. गवळणीत खट्याळपणा, लावणीत आव्हान, पुढे आर्जव, आणि शेवटी पुरुषाच्या आवाजातला पश्चात्ताप: गाण्यांचा हा क्रम हीच गुरुजींच्या घसरणीची कथा आहे. संवाद काढून नुसती गाणी ओळीने ऐकली तरी माणूस कुठून कुठे गेला ते कळते. मराठी संगीतप्रधान चित्रपटांत ही कसोटी पार करणारे फार थोडे.

बायकी आवाजाचा मोठा भार उषा मंगेशकरांनी उचलला. लावणी गाताना आवाजात ठसका हवा, पण शब्द पुसट होता कामा नये. बैठकीच्या लावणीत गायिका एकेका ओळीवर अदा करत थांबू शकते. फडाच्या लावणीत ढोलकी थांबू देत नाही. उषाताईंनी या दोन्हींच्या मधली वाट धरली. लय पुढे धावत असताना एखाद्या शब्दावर त्या अर्धी मात्रा रेंगाळतात आणि बरोबर समेवर येऊन मिळतात. विष्णू वाघमारे यांचा आवाज याच्या अगदी उलट जातीचा आहे. तो उघडा, शाहिरी वळणाचा, गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल असा आहे. दैवाने केलेल्या थट्टेचे त्यांचे गाणे चित्रपटाचा कळस ठरले. पार्श्वगायनाच्या सफाईने ते गायले असते तर त्यातली वेदना निम्मी झाली असती.

खेबुडकर कोल्हापूर जिल्ह्यातले आणि व्यवसायाने शिक्षक होते. गुरुजींच्या अधःपाताची गाणी एका शिक्षकाने लिहावीत, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. त्यांच्या लावणीत शृंगार आहे, पण शब्द शाळेच्या फळ्यावर लिहावेत इतके नेटके आहेत. यमक ओढूनताणून येत नाही, आणि ढोलकीच्या तोड्यासाठी ओळीत जागा आधीच मोकळी ठेवलेली असते.

‘पिंजरा’च्या मागे पंचवीस वर्षांची परंपरा उभी होती. शांतारामांच्याच राजकमल कलामंदिराने १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ काढला आणि तमाशाला पडद्यावर प्रतिष्ठा दिली. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. वसंत पवारांच्या संगीताने तो पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. पुढच्या साखळीत मराठवाड्याचा मोठा वाटा आहे, तो ना. धों. महानोर यांच्यामुळे. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या पळसखेडच्या या कवीने ‘जैत रे जैत’ला (१९७७) गीते दिली आणि १९९२ साली ‘एक होता विदूषक’साठी आनंद मोडक यांच्याबरोबर तमाशाकडे नव्या नजरेने पाहिले. ‘पिंजरा’तला तमाशा माणसाला गिळतो, ‘विदूषका’त राजकारण आणि पैसा तमाशालाच गिळतात. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर वीस वर्षांत काय बदलले ते समजते.

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा बाजार, देवस्वारी आणि तमाशाचे फड ही तिची ओळख. अलीकडे तिथे लावणी महोत्सवही होतो. अशा जत्रांत चित्रपट आणि फड यांची देवघेव दोन्ही बाजूंनी चालली. चित्रपटाने फडाकडून ढोलकी, हलगी, तुणतुणे, झीलकऱ्यांची साथ उचलली. फडाने ‘पिंजरा’ आल्यावर त्यातल्या लावण्या आपल्या रात्रीच्या कार्यक्रमात घेतल्या. यात एक तोटाही झाला. फर्माईश चित्रपटाच्या लावणीची येऊ लागली तशा जुन्या शाहिरांच्या, फडातच जपलेल्या रचना मागे पडल्या. या बाबतीत दोष ‘पिंजरा’चा नसला तरी परिणाम त्याचा आहे, आणि त्याच्या कौतुकात हे विसरले जाऊ नये.

चित्रपट या भागात पोचण्याची वाट वेगळी होती. नांदेड आणि लातूर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, १९५६ साली ते मुंबई राज्यात आले. राज्याच्या सीमा बदलल्या तरी चित्रपट व्यवसायात मराठवाडा ‘निजाम’ विभागातच मोजला जात राहिला. वितरणाचा हक्क त्या विभागाचा, प्रती मोजक्या, त्यामुळे पुण्या-मुंबईत महिनोन्महिने चाललेली रिळांची पेटी इकडे येईपर्यंत बरीच झिजलेली असे. खेड्यांत ती तंबू टॉकीजमध्ये लागायची. रीळ तुटले की चिकटवताना दोन-चार चौकटी कायमच्या जायच्या. त्यात ‘पिंजरा’चे पहिले वर्ष म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाचे वर्ष. खडी फोडायला गेलेल्या माणसांकडे तिकिटाचे पैसे नव्हते. गाणी आधी आणि चित्र नंतर, हा क्रम या परिस्थितीत पडला.

रंगीत फिल्मवरचे रंग टिकत नाहीत. त्या काळातल्या फिल्ममध्ये तीन रंगद्रव्यांचे थर असत आणि निळसर थर बहुधा आधी विटे. मग सगळे चित्र लालसर-गुलाबी दिसू लागते, हिरवे शेत तपकिरी होते, नऊवारीच्या काठाचा जांभळा आणि लाल यांतला फरक पुसला जातो. फिल्मची पट्टी आकसते, दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते. आवाज पट्टीच्या कडेला प्रकाशरेषेच्या रूपात असतो. तिथे ओरखडा गेला की प्रत्येक खेळाला खरखर वाढते. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत प्रभातच्या काळातल्या नायट्रेट फिल्म जळाल्या, तेव्हा हा वारसा किती नाजूक आहे हे सगळ्यांना कळले. पुढे २०१० नंतर चित्रपटगृहांनी रिळांची यंत्रे काढून डिजिटल यंत्रे बसवली. डिजिटल प्रत नसलेला चित्रपट, निगेटिव्ह उत्तम असली तरी, कुठेच लागू शकत नाही अशी स्थिती आली. जुने चित्रपट त्या दशकात एकेक करून परत येऊ लागले, त्यामागे आठवणींइतकेच हे व्यावहारिक कारण होते.

पुनरुज्जीवनाचे काम चिकाटीचे असते. आधी पट्टी धुतात, फाटलेली भोके दुरुस्त करतात, मग एकेक चौकट स्कॅन करतात. एका सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला २,१६,००० चौकटी. धूळ आणि ओरखडे काढताना संगणक कधी पावसाचे थेंब किंवा घुंगरांची चमकही दोष समजून पुसतो. म्हणून माणसाची नजर लागतेच. रंग ठरवताना मूळ छायालेखनाचा अंदाज हवा, नाहीतर जुना चित्रपट आजच्या जाहिरातीसारखा भडक होतो. आवाजात तर जास्तच तारतम्य लागते. खरखर काढण्याच्या नादात वरच्या पट्टीतले बारीक नाद गेले, तर तुणतुणे आणि झांज यांची धारच जाते.

‘पिंजरा’ची सुधारलेली प्रत मोठ्या पडद्यावर पाहताना लाभ सर्वांत जास्त होतो तो नृत्यप्रसंगांत. पावलांचा ठेका आणि ढोलकीची थाप यांचा मेळ झिजलेल्या प्रतीत तुटक वाटत असे. इथे तो सलग कळतो. लागूंच्या चेहऱ्यावरचे बारीक बदल, चंद्रकलेकडे पाहताना आधी तिरस्कार, मग कुतूहल, मग शरणागती, पुन्हा वाचता येतात. आणि चित्रपटातला मोठा विरोधही उघडा पडतो. कथा तमाशाला पिंजरा ठरवते, संगीत मात्र प्रत्येक गाण्यात तमाशाची बाजू घेते. शांतारामांचा उपदेश आज जुना वाटतो; राम कदमांचे संगीत जुने वाटत नाही. ही प्रत आली तेव्हा कदम (निधन १९९७), निळू फुले (२००९) आणि खेबुडकर (२०११) हयात नव्हते.

सरकारी पातळीवरही हे काम चालू आहे. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून ‘श्यामची आई’ची सुधारलेली प्रत नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या महोत्सवात दाखवली गेली. तमाशाप्रधान मराठी चित्रपटांची रांग मात्र लांब आहे, आणि त्यांच्या चांगल्या प्रती अनेकदा निर्मात्याच्या घरापेक्षा वितरकाच्या किंवा तंबू टॉकीजवाल्याच्या माळ्यावर सापडतात. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर अशा गावांत जुन्या चित्रपटगृहांच्या आणि फिरत्या टॉकीजच्या मालकांच्या वारसांनी घरातले डबे एकदा उघडून पाहावेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे असे समजावे. ती उन्हात ठेवू नये, स्वतः पुसू नये आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबू नये.