नवे शहर, जुनी गाडी

बदलीचा हुकूम हाती पडला की घरात पहिली चर्चा होते ती मुलांच्या शाळेची, मग घराची. दारात उभ्या असलेल्या गाडीचा विषय निघतो तो अगदी शेवटी, सामानाचा ट्रक ठरविताना. कपाटे, पलंग, वॉशिंग मशीन यांच्याबरोबर गाडीही न्यायची, हे जवळजवळ गृहीतच असते. ट्रकवाला विचारतो, ‘गाडीपण चढवायची का?’ आणि यजमान ‘चढवा’ म्हणून मोकळे होतात. वर्षाला लाख-दीड लाखाचा खर्च बांधून घेणारा निर्णय इतक्या सहजपणे एरवी क्वचितच कोणी घेत असेल.

समजा, नागपूरचे एक कुटुंब मुंबईला येत आहे. पती-पत्नी दोघेही नोकरदार, एक शाळकरी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. नागपुरात गाडी ही चैन नव्हती. घराला फाटक, फाटकाच्या आत गाडी, कचेरी पंधरा-वीस मिनिटांवर आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकला की गाडीतली वातानुकूलित हवा हाच काय तो दिलासा. गाडी काढायची, जायचे, समोर लावायची आणि परत यायचे. या सवयीत वाहनतळ नावाचा प्रश्नच कधी उपस्थित होत नाही. मुंबईत मात्र सुरुवातच त्या प्रश्नापासून होते.

या कुटुंबापुढे दोन घरांचे पर्याय आहेत. एक मुलुंडला, स्थानकापासून चालत सात-आठ मिनिटांवर. इमारत जुनी, खोल्या लहान आणि आवारात दहा-बारा गाड्यांपुरती जागा, तीही सभासदांनी आधीच व्यापलेली. दुसरे घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरमध्ये. घर ऐसपैस, उद्वाहने चकचकीत, गाडीसाठी स्वतंत्र जागा. पण ठाणे स्थानक आठ-दहा किलोमीटर दूर. सारी मेख इथेच आहे. जिथे गाडी ठेवायला जागा मिळते, तिथे गाडीवाचून अडते. आणि जिथे गाडीची फारशी गरज नाही, तिथे ती ठेवायला जागा नाही. त्यामुळे गाडीचा निर्णय हा प्रत्यक्षात घराचा निर्णय असतो. घर ठरले की गाडीचे बव्हंशी ठरून जाते. मात्र हे बहुतेकांच्या लक्षात येते ते अनामत रक्कम भरून झाल्यावर.

भाडेकरूची स्थिती तर अधिकच नाजूक. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईतल्याच एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात स्पष्ट केले की, मोकळी किंवा स्टिल्टमधली वाहनतळाची जागा बिल्डरला सदनिकेसारखी स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती संस्थेची सामाईक जागा आहे. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गाड्या जास्त आणि जागा कमी असल्यास सोडत काढून वर्षापुरते वाटप करायचे असते. तेव्हा घरमालकाने ‘गाडीची सोय होईल हो’ असे तोंडी सांगितले, तरी ती सोय त्याच्या हाती असेलच असे नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात जागेचा उल्लेख आणि संस्थेचे पत्र, हे दोन्ही हाती येईपर्यंत गाडी नागपुरातच राहिलेली बरी. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून गाडी नोंदविण्यापूर्वी ती ठेवण्याच्या जागेचा दाखला द्यावा लागतो. महाराष्ट्राच्या परिवहनमंत्र्यांनीही २०२५ मध्ये तशीच अट आणण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा बराच गदारोळ झाला. वास्तविक मुंबईत नव्याने येणाऱ्याला ही अट कायद्याआधी गल्लीच घालते.

आता पैशांचे पाहू. गाडीचा खर्च म्हटला की पेट्रोल डोळ्यांपुढे येते, कारण ते दर आठवड्याला खिशातून जाते. परंतु शहरात कमी फिरणाऱ्या गाडीचा मोठा खर्च पेट्रोलचा नसतोच. तो गाडी नुसती उभी असण्याचा असतो. आठ लाख रुपये किमतीची नवी पेट्रोल गाडी घेतली असे धरू. विमा कंपन्यांच्या तक्त्यात गाडीची किंमत सहा महिन्यांनंतर १५ टक्क्यांनी, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्क्यांनी उतरलेली धरतात. म्हणजे पाच वर्षांत चार लाख, वर्षाला ८० हजार. महाराष्ट्रात अशा गाडीला ११ टक्के एकरकमी कर, म्हणजे ८८ हजार. तो पाच वर्षांवर वाटला तर वर्षाला १७ हजार ६००. विम्याचे सरासरी २२ हजार, देखभालीचे दहा हजार, वाहनतळाचे महिन्याला दोन हजारांप्रमाणे २४ हजार. सहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर व्याजाचे वर्षाला साडेएकोणतीस हजार. बेरीज होते एक लाख ८३ हजारांच्या घरात. एक किलोमीटरही न फिरता रोजचे पाचशे रुपये!

पेट्रोल याउपर. मुंबईत लिटरला शंभरावर गेलेल्या दराने आणि रहदारीत मिळणाऱ्या तेरा किलोमीटरच्या हिशेबाने ते किलोमीटरला आठ रुपये पडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ठरलेल्या दरांनुसार काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला सुमारे २१ रुपये. म्हणजे स्वतःच्या गाडीने दर किलोमीटरला तेरा रुपये वाचतात आणि त्या बचतीतून १ लाख ८३ हजार भरून काढायचे, तर वर्षाला १४ हजार किलोमीटर गाडी चालवावी लागेल. महिन्याला जवळपास बाराशे. ज्या घरातली माणसे रोज लोकलने कामाला जातात, त्यांची गाडी मुंबईत एवढी फिरत नाही. शनिवार-रविवारच्या फेऱ्या, नातेवाईक, दवाखाना, एखादे लग्नकार्य मिळून महिन्याला अडीचशे किलोमीटर झाले, तर टॅक्सीचे होतात सव्वापाच हजार. गर्दीच्या वेळच्या वाढीव दरांमुळे ते दुप्पट झाले, तरी गाडीच्या सव्वासतरा हजारांपुढे ते कमीच.

गाडी आधीचीच असेल तर हिशेब थोडा बदलतो. पाच वर्षांची गाडी, बाजारभाव चार लाख. तिच्या किमतीतली पुढची घट ४५ हजार, विमा १५, देखभाल १२, जागा २४ आणि ते चार लाख बँकेत ठेवले असते तर मिळाले असते ते २८ हजार. एकूण एक लाख २४ हजार. गाठायचे अंतर साडेनऊ हजार किलोमीटर. ‘गाडीचे हप्ते फिटले, आता ती फुकटच,’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ते खरे नाही, एवढेच या आकड्यांवरून दिसते.

दुसऱ्या पारड्यात लोकल आहे. तीन-चार लिटर पेट्रोलच्या पैशांत महिन्याचा सेकंड क्लासचा पास मिळतो. मुलुंडहून कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा किंवा बसने वांद्रे-कुर्ला संकुल गाठता येते. मेट्रो ३ चा आरे ते कफ परेड हा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून दादरला गाडी बदलून थेट संकुलातल्या स्थानकात उतरण्याचाही पर्याय आहे. अर्थात हे कागदावर जितके सोपे तितके फलाटावर नाही. साडेआठची फास्ट आणि चौथी सीट म्हणजे काय, हे नागपूरहून आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कळते आणि त्याच आठवड्यात तो पुन्हा गाडीचा विचार करू लागतो. त्या थकव्यात घेतलेला निर्णय सहसा महागात पडतो. कारण रस्त्यावर त्याच अंतराला लोकलपेक्षा जास्त वेळ जातो आणि तो सारा वेळ क्लच दाबण्यात जातो.

मात्र एक गोष्ट आकड्यांत बसत नाही. घरात आजी आहेत. गुडघे दुखतात, जिने होत नाहीत. जवळचे भाडे रिक्षावाला नाकारतो आणि पावसात अॅपवरची टॅक्सी येता येता रद्द होते. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागणाऱ्या रुग्णाच्या घरी किलोमीटरचे गणित कोणी मांडत नाही आणि मांडूही नये. तिथे गाडी हवीच. पण मग दुसरा, अधिक अवघड प्रश्न विचारायला हवा : ती चालविणार कोण? मुलगा दिवसभर कचेरीत, सुनेला गाडी येत नाही किंवा तीही कामावर, आणि गाडी आवारात. दुपारी तीन वाजता आजींना अस्वस्थ वाटू लागले तर त्या गाडीचा उपयोग शून्य. ‘आईसाठी गाडी आणली’ म्हणणाऱ्या अनेक घरांत आईला मात्र शेजारची रिक्षाच नेत असते. अशा घराला ओळखीचा रिक्षावाला, तासावर येणारा चालक आणि दाराजवळचा दवाखाना यांचा अधिक आधार असतो. आणि खऱ्या आणीबाणीला महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. घरात दिवसा गाडी चालविणारे कोणी असेल, तर प्रश्नच मिटला. मग तोटा सोसूनही गाडी ठेवावी. रात्रपाळीहून परतणाऱ्या स्त्रीच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. कचेरीची गाडी दारापर्यंत सोडत नसेल, तर स्वतःची गाडी हा हिशेबाचा विषय राहत नाही.

हेच कुटुंब मुंबईऐवजी पुण्याला गेले असते तर निष्कर्ष निराळा निघाला असता. पुण्यात मेट्रोचे पहिले टप्पे मार्च २०२२ मध्ये सुरू झाले. पुढे वनाज-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट असे दोन मार्ग आकाराला आले. घर आणि कचेरी दोन्ही या रेषांवर असतील तर उत्तम. पण वाघोलीत घर आणि हिंजवडीत नोकरी असे आडवे-तिडवे जाणे असले की मेट्रो कामाची नाही आणि पीएमपीच्या दोन बसगाड्या बदलण्यात दिवसाचा उत्साह संपतो. पुणेकराने याचे उत्तर फार पूर्वीच दुचाकीत शोधले. तिथे येणाऱ्याने ‘गाडी की बस’ असा प्रश्न करण्याऐवजी घरात आहे ती एकच चारचाकी पुरेल का आणि दुसऱ्यासाठी स्कूटर घेता येईल का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

राज्याची सीमा ओलांडली की कागदपत्रांची भर पडते. नागपूरची गाडी मुंबईत किंवा पुण्यात आणताना क्रमांक बदलत नाही. नवा पत्ता तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळविला की झाले. बेंगळुरूला मात्र मोटार वाहन कायद्यानुसार बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवायची, तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तिथे नवी नोंदणी करावी लागते आणि कर्नाटकाचा करही भरावा लागतो. तो देशातल्या चढ्या दरांपैकी एक आहे. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी चिकाटी लागते. सतत बदल्या होणाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ मालिका उपलब्ध आहे. सरकारी कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी ती घेऊ शकतात. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि राज्य बदलले तरी क्रमांक तोच.

गाडी विकायचे ठरले, तर घाई हा मोठा शत्रू. ट्रक निघायच्या आदल्या रात्री कोऱ्या अर्जांवर सह्या करून, किल्ली देऊन, पैसे घेऊन निघणारे कमी नाहीत. नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी चार हातांतून गेली तरी नाव बदललेले नसेल तर नोटीस मूळ मालकाच्याच दारी येते. २९ आणि ३० क्रमांकांचे अर्ज दाखल होऊन नवे नाव चढल्याची खात्री होईपर्यंत व्यवहार संपला असे मानू नये. कर्ज असेल तर बँकेचा बोजाही आधी उतरवावा.

गाडी आणलीच, तर पाऊस लक्षात ठेवावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अनेकजण बंद पडलेल्या गाड्यांतच अडकले. काहींचे प्राण गेले. तो दिवस अपवादाचा होता, पण सखल रस्ते आणि तळघरातले वाहनतळ दर पावसाळ्यात भरतात. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात बिघडले, तर साध्या पॉलिसीत त्याची भरपाई बहुधा मिळत नाही. त्यासाठी जादा हप्ता भरून इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. विदर्भातून आलेल्या गाडीच्या पॉलिसीत ते क्वचितच असते.

शक्य असेल तर पहिले सहा महिने गाडीविना काढावेत आणि त्यांत एक पावसाळा यावा. गाडी तोवर नागपूरला भावाकडे राहिली तरी चालेल. मात्र आठवड्यातून एकदा ती फिरवायला हवी आणि विम्याची मुदत चुकता कामा नये. मुदत संपून ९० दिवस उलटले की वर्षानुवर्षे साठलेली ‘नो क्लेम बोनस’ची सवलत जाते. या सहा महिन्यांत कितीदा गाडीवाचून खरोखर अडले, कितीदा नुसती आठवण झाली आणि टॅक्सीवर नेमके किती गेले, याची नोंद किराण्याच्या वहीतच केली तरी पुरे. सहा महिन्यांनी गाडी विकली, तरी ती सवलत बुडत नाही. ती गाडीची नसून मालकाची असते. विमा कंपनीकडून तसे पत्र घेऊन ठेवले, तर तीन वर्षांच्या आत केव्हाही घेतलेल्या नव्या गाडीला ती ५० टक्क्यांपर्यंत लागू होते.