जुन्या वस्तूंचे घर, मागून आणलेली बाग

छत्तीसगढी बोलीत पारा म्हणजे वस्ती किंवा आळी. रायपूर शहरात बूढा तलावाच्या काठी वसलेला बूढापारा हा त्या शहराच्या जुन्या भागांपैकी एक होय. पुढे स्वामी विवेकानंद म्हणून विख्यात झालेला नरेंद्रनाथ १८७७ साली वडिलांच्या कामानिमित्त कुटुंबासह रायपुरास आला आणि सुमारे दोन वर्षे याच वस्तीत राहिला. तलावालाही आता विवेकानंदांचे नाव दिलेले आहे. मराठी भाषकांचा या प्रदेशाशी संबंध याहूनही जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले, आणि १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले तरी अनेक मराठी कुटुंबे येथेच स्थायिक झाली. हिंदी पत्रकारितेच्या प्रवर्तकांपैकी एक असलेले माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हे जन्माने मराठी भाषक. त्यांची कर्मभूमी मुख्यतः हेच शहर होते.

अशा जुन्या वस्त्यांतील घरे जाड भिंतींची, लाकडी खांबांची आणि कवेलू छपरांची असत. मध्ये अंगण, मागे बाडी म्हणजे परसबाग. भावंडांत वाटण्या होतात, जमिनीच्या किमती वाढतात आणि एके दिवशी घर पाडले जाते. भिंतींची माती गाडीत भरून नेली जाते. पण चौकटी, झडपा, तुळया, कड्या-कोयंडे आणि फरशा यांना गिऱ्हाईक असते. ज्याला थोड्या पैशांत रमणीय घर उभारावयाचे आहे, त्याची सुरुवात पुष्कळदा या ढिगाऱ्यापाशीच होते.

जुन्या लाकडाला एवढे महत्त्व का, हे समजून घेण्यासारखे आहे. नुकत्याच कापलेल्या लाकडात पाणी असते. ते सुकू लागले की लाकूड आकसते, पिळते, त्याला चिरा जातात. नव्या दाराची झडप पावसाळ्यात अडते आणि उन्हाळ्यात तिच्यातून उजेड दिसतो, त्याचे कारण हेच. पन्नास-साठ पावसाळे पाहिलेल्या सागवानाचे आकसणे-पिळणे बहुतांशी संपलेले असते. शिवाय ते बहुधा जुन्या वाढीच्या झाडाचे असते. त्याचा गाभा घट्ट व तेलकट असल्याने वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. तरीही विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. लाकडावर हातोडीने हलके ठोकावे. भरीव आवाज आला तर ठीक, बोदा आला तर आत पोकळी समजावी. छिद्रांखाली ताजे पीठ सांडलेले दिसले, तर भुंगेरा अजून आत जिवंत आहे. मोडके खिळे लोहचुंबकाने शोधून काढल्यावाचून सुताराच्या रंध्याखाली फळी देऊ नये. एक खिळा रंध्याचे पाते निकामी करतो आणि मग स्वस्तात मिळालेली फळी महाग पडते.

दोन गोष्टींबाबत मात्र सावधगिरी अत्यावश्यक आहे. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा फार संभव असतो. असा रंग जाळून किंवा कोरड्या कागदाने घासून काढल्यास विषारी धूर वा धूळ घरभर पसरते, आणि तिचा सर्वाधिक अपाय लहान मुलांना होतो. रंग ओला करून खरवडावा, खरवड पिशवीत बांधावी, आणि हे काम चालू असता मुलांना तेथे फिरकू देऊ नये. रंग पक्का बसलेला असेल तर त्याला न छेडता वरून नवा हात देणेही पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. दुसरी गोष्ट रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांची. कुजू नये म्हणून त्यांना डांबरापासून काढलेले क्रिओसोट पाजलेले असते. बागेतल्या पायऱ्यांसाठी ते मोह घालतात, परंतु घरात किंवा भाजीच्या वाफ्यालगत त्यांना स्थान नाही.

विटांच्या बाबतीत एक साधी परीक्षा आहे. चुन्यात बांधलेल्या भिंतीची वीट थोड्या ठोकाठोकीने स्वच्छ सुटते, कारण चुना विटेपेक्षा मऊ असतो. सिमेंटचा सांधा विटेपेक्षा कठीण. तो सोडवताना वीटच फुटते. म्हणून जुन्या भिंतीच्या विटा पुन्हा वापरता येतात, अलीकडच्या भिंतीच्या क्वचितच. अशा विटा पुन्हा रचताना चुनाच वापरावा, म्हणजे भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडू शकते. कुंभाराने घडवलेली अर्धगोल कवेले छपरावर फार काळ टिकत नाहीत, त्यांची दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी करावी लागते. पण वाफ्याच्या कडेला उभी रोवली तर त्यांच्यासारखी काठपट्टी दुसरी नाही.

तांब्याचा बंब, घंगाळ, पाटा, जाते इत्यादी वस्तू मोडीच्या बाजारात सहज मिळतात आणि येथेच हौस हाताबाहेर जाते. पुण्याचे दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी अडकित्ते, दिवे, दौती आणि कोरीव दरवाजे जमवून एक मोठे संग्रहालय उभे केले व आपल्या अल्पवयात वारलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्याला दिले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी तेथे आणून पुन्हा उभे केले. तो एका जन्माचा ध्यास होता. राहत्या घरात मात्र एका कोनाड्यात एकच समई शोभते. वीस समया मांडल्या की त्या घराचे दुकान होते. जुने दार बहुधा बुटके असते. ते दारासाठी नेटके बसत नसेल, तर त्याचे मेज करावे किंवा ते आडवे टाकून झोपाळ्याची फळी करावी. वस्तू वापरात आली तरच तिचे जुनेपण सुखावह वाटते.

आता बागेविषयी. रायपूरच्या परिसरातील शेतकरी जमिनीचे चार प्रकार सांगतात: भाठा ही तांबडी, मुरमाड व हलकी, मटासी ही पिवळसर, कन्हार ही काळी व चिकण, आणि डोरसा ही मटासी व कन्हार यांच्या मधली. पाडलेल्या घराच्या जागेवर यांपैकी कोणतीच शुद्ध स्वरूपात सापडत नाही. तेथे असतो चुना, विटकर आणि राडारोडा. त्यातच भूगर्भात चुनखडीचा थर असल्याने विहिरीचे पाणीही जड. अशा जमिनीत अनंताची व एक्झोऱ्याची पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. याचे कारण बहुधा जमिनीतील लोहाचा अभाव हे नसून, चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही हे असते. ही झाडे कुंडीत, शेणखत व पालापाचोळा घालून वाढवावीत. बोगनवेल आणि कण्हेर यांना मात्र चुन्याचे किंवा उन्हाचे काहीच वाटत नाही. कण्हेरीचे सर्वांग विषारी असते, हे लक्षात ठेवून ती मुलांच्या व गुरांच्या वाटेपासून दूर लावावी.

झाडे विकत घेण्याची गरज फारशी पडत नाही. जास्वंद, बोगनवेल, रातराणी, मोगरा यांच्या फांद्या पावसाळ्याच्या तोंडाशी शेजाऱ्याकडून मागून आणाव्यात. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी डोळ्याखाली तिरपी कापून, दोन डोळे मातीत जातील अशी सावलीत रोवावी. सोनचाफा असा लागत नाही. त्याला गुटी किंवा भेटकलम हवे. पारिजातक बियांपासूनही येतो.

मधुमालती मात्र जुन्या खांबाला हवीच. तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग लाल. पांढऱ्या, सुवासिक फुलांवर रात्री लांब सोंडेचे पतंग येतात, आणि रंग पालटल्यावर दिवसाचे कीटक व पक्षी. म्हणून एकाच घोसात तीन रंग दिसतात.

रांजण, घंगाळ किंवा दगडी डोणी बागेत ठेवून त्यात कमळ लावण्याची कल्पना मनोहर आहे. परंतु साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूच्या डासाची पिढी तयार होते. अशा पाण्यात गप्पी मासे सोडावेत, किंवा भांड्याला तळाशी भोक पाडून त्यात माती भरावी. छपराच्या पन्हाळीखाली ठेवलेल्या रिकाम्या भांड्यांनाही हाच नियम लागू आहे. पावसाळ्यात ती आठवड्यातून एकदा उपडी करून, आतून घासून, पुन्हा जागी ठेवावीत.