रक्तवाहिन्यांचा अंतःस्तर : आरोग्यातील व विकारातील कार्य

हृदय हा पंप आणि रक्तवाहिन्या ह्या त्याला जोडलेल्या नळ्या, ही उपमा शरीरविज्ञानाच्या प्राथमिक पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या दिली जात आली आहे. विल्यम हार्वी यांनी इ. स. १६२८ साली रक्ताभिसरणाचे विवेचन प्रसिद्ध केले, आणि १६६१ साली मार्चेल्लो मालपीगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहून त्या विवेचनातील उरलेला दुवा सांधला. तेव्हापासून ही उपमा रूढ झाली. समजुतीस ती सोपी आहे. परंतु एका महत्त्वाच्या बाबतीत ती फसवी आहे. नळीच्या आतील पृष्ठभागाला वाहत्या पाण्याची दखल घेता येत नाही. रक्तवाहिनीच्या आतील पृष्ठभागाला मात्र रक्ताचा वेग कळतो, रक्तातील द्रव्यांची ओळख पटते, आणि त्यानुसार वाहिनी रुंद करावी की अरुंद, रक्त पातळ राखावे की साखळू द्यावे, याचा निर्णय तो क्षणोक्षणी करीत असतो. हा पृष्ठभाग म्हणजेच अंतःस्तर. त्याचे कार्य कसे उमगले आणि ते बिघडले म्हणजे काय घडते, याचा थोडक्यात परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रोहिणीच्या भित्तीत तीन थर असतात. बाहेरचा थर संयोजी ऊतकाचा, मधला अनैच्छिक स्नायूंचा, आणि आतल्या थराच्या अगदी रक्तालगतच्या बाजूस चपट्या पेशींची एकच ओळ. ही ओळ म्हणजे अंतःस्तर. केशवाहिनीत तर भित्ती म्हणून मुख्यतः ही एक ओळच उरते. १८६५ साली विल्हेल्म हिस यांनी या थराला स्वतंत्र नाव दिले. पण त्यानंतरही सुमारे शतकभर त्याची गणना निव्वळ अस्तरात होत राहिली. रक्त आत राहावे आणि पोषक द्रव्ये पाझरून बाहेर जावीत, एवढेच त्याचे काम, असा समज होता. वाहिनी आकुंचित वा शिथिल होते ती मधल्या स्नायूंमुळे, आणि त्या स्नायूंना आज्ञा मिळते ती तंत्रिकांकडून व प्रवर्तकांकडून, असे मानले जाई.

या समजाला धक्का बसला तो एका विसंगतीमुळे. जिवंत प्राण्याच्या शरीरात अ‍ॅसिटिलकोलीन टोचले असता रक्तवाहिन्या शिथिल होतात व रक्तदाब उतरतो, हे जुने ज्ञान होते. परंतु सशाच्या महारोहिणीची पट्टी कापून तीच प्रयोगपात्रात टांगली, तर त्याच द्रव्याने ती आकुंचन पावे. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९५३ साली हेच निरीक्षण प्रसिद्ध केले होते, आणि पाव शतक त्याचा उलगडा झाला नाही. १९७८ साली त्यांच्या ब्रुकलिन येथील प्रयोगशाळेत पट्टीऐवजी महारोहिणीच्या कड्या वापरून एक प्रयोग चालला होता. सहायकाच्या हातून पायऱ्यांचा क्रम चुकला आणि अ‍ॅसिटिलकोलीनसारखेच कार्य करणारे द्रव्य अपेक्षेपेक्षा आधी पात्रात पडले. कडी आकुंचन पावावयाची ती शिथिल झाली.

चूक म्हणून ही नोंद टाकून देता आली असती. फर्चगॉट यांनी तिचा पाठपुरावा केला, तेव्हा कारण हाती आले ते अगदी साधे निघाले. पट्टी तयार करताना तिची आतील बाजू बोटांना वा उपकरणांना घासली जाई आणि अंतःस्तर नकळत पुसला जाई. कडीत तो शाबूत राही. खातरजमा करण्यासाठी त्यांनी अंतःस्तर खरवडून काढलेली एक पट्टी आणि अंतःस्तर असलेली दुसरी पट्टी आतील बाजू समोरासमोर ठेवून एकत्र टांगल्या. जी पट्टी एकटी असता आकुंचन पावे, ती शेजारणीच्या सान्निध्यात शिथिल झाली. याचा अर्थ असा, की अंतःस्तरातून एखादे द्रव्य सुटून स्नायूपर्यंत पोहोचत होते. १९८० साली फर्चगॉट आणि जॉन झवाड्‌स्की यांनी हा शोध प्रसिद्ध केला. ज्या थराचे कार्य शोधावयाचे, तोच थर संशोधक वर्षानुवर्षे स्वतःच्या हातांनी पुसून टाकीत होते, ही गोष्ट प्रयोगशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानी ठेवावी अशी आहे.

हे द्रव्य कोणते, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या एका जुन्या धाग्याशी जाऊन मिळाले. नायट्रोग्लिसरिनने हृद्‌शूळ शमतो, हे विल्यम मरेल यांनी १८७९ साली दाखविले होते. सुरुंगाच्या दारूसाठी याच द्रव्याचा उपयोग करून संपन्न झालेले आल्फ्रेड नोबेल यांना अखेरच्या आजारात वैद्यांनी तेच औषध सुचविले, तेव्हा १८९६ साली एका पत्रात त्यांनी या दैवगतीचे नवल व्यक्त केले होते. पण औषध गुणकारी का, हे कोणास ठाऊक नव्हते. १९७७ साली फेरिड मुराद यांनी दाखविले, की अशा औषधांपासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघतो आणि तो स्नायुपेशींतील एका एंझाइमास चालना देतो. १९८६ साली फर्चगॉट आणि लुई इग्नॅरो यांनी स्वतंत्रपणे असा तर्क मांडला, की अंतःस्तरातून सुटणारे द्रव्य हा वायूच असावा. १९८७ साली इंग्लंडमध्ये साल्व्हादोर मोंकादा व त्यांचे सहकारी यांनी आणि अमेरिकेत इग्नॅरो यांनी त्यास प्रायोगिक आधार दिला. १९९८ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नॅरो व मुराद यांना विभागून मिळाले.

आता या यंत्रणेचे स्वरूप पाहू. रक्तप्रवाह वाढला, की रक्ताचे अंतःस्तरावरील घर्षण वाढते. पेशींना ते जाणवते व त्यांतील एक एंझाइम आर्जिनीन या अ‍ॅमिनो अम्लापासून नायट्रिक ऑक्साइड निर्माण करते. हा वायू शेजारच्या स्नायुपेशीत शिरून तिला शिथिल करतो आणि वाहिनी रुंद होते. धावताना पायांकडे जाणाऱ्या रोहिण्या प्रशस्त होतात, त्यात या यंत्रणेचाही वाटा असतो. वायूचे आयुष्य काही सेकंदांचेच असते. म्हणून तो जेथे हवा तेथेच आणि हवा तेवढाच वेळ कार्य करतो.

अंतःस्तराची कामे येथेच संपत नाहीत. १९७६ साली शोध लागलेले प्रोस्टासायक्लीन हे द्रव्य तो तयार करतो. त्यामुळे रक्तबिंबिका एकमेकींस चिकटत नाहीत. उलट १९८८ साली जपानमध्ये यानागिसावा, मासाकी व त्यांचे सहकारी यांनी शोधलेले एंडोथेलीन हे द्रव्यही त्याचेच, आणि ते वाहिनीला तीव्र आकुंचन आणते. रक्त साखळू न देणारी रेणुद्रव्ये अंतःस्तराच्या पृष्ठभागावर असतात. तर वाहिनी कापली गेल्यास गुठळी बांधण्यास साह्य करणारा एक घटक त्याच्याच पेशींत कोठारासारख्या सूक्ष्म पिंडांत साठविलेला असतो. जंतुसंसर्ग झाला असता श्वेतपेशींना वाट करून देणाराही तोच. सारांश, परस्परविरुद्ध साधने एकाच हाती आहेत, आणि आरोग्य म्हणजे त्यांचा यथाकाल व यथास्थान उपयोग होय.

विकाराचा उगम हा तोल ढळण्यात आहे. तंबाखूचा धूर, मधुमेहातील वाढलेली शर्करा, उच्च रक्तदाब आणि रक्तातील अतिरिक्त कोलेस्टेरॉल यांमुळे अंतःस्तरात ऑक्सिजनाची अतिक्रियाशील रूपे वाढतात व ती नायट्रिक ऑक्साइडास कामी येण्यापूर्वीच नष्ट करतात. पेशींचा पृष्ठभाग चिकट होतो, श्वेतपेशी भित्तीत शिरतात, मेद साचू लागतो आणि रोहिणी-विलेपी विकाराचा पाया घातला जातो. रोहिणीला जेथे फाटे फुटतात, तेथे प्रवाह मंद वा अस्थिर असतो. घर्षणाचा हितकारक संदेश तेथे नीट पोहोचत नाही, आणि नेमकी तेथेच ही विलेपने अधिक आढळतात. १९८६ साली हृद्‌रोहिण्यांत अ‍ॅसिटिलकोलीन सोडून केलेल्या तपासणीत निरोगी रोहिण्या रुंदावल्या, तर विकारग्रस्त रोहिण्या आकसल्या. सशाच्या खरवडलेल्या पट्टीत जे दिसले होते, तेच रुग्णाच्या हृदयात दिसले.

यातील चिंतेची गोष्ट अशी, की हा बिघाड वेदनेच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होतो. १९९२ साली डेव्हिड सेलरमायर व त्यांचे सहकारी यांनी एक सोपी कसोटी प्रसिद्ध केली. दंडावर वा हातावर दाबपट्टा सुमारे पाच मिनिटे आवळून सोडला, की रक्ताचा लोंढा येतो. त्याने रोहिणी किती रुंदावते ते श्राव्यातीत ध्वनिलहरींनी मोजावयाचे. धूम्रपान करणाऱ्यांत, तसेच आनुवंशिकतेने कोलेस्टेरॉल वाढलेल्या शाळकरी वयाच्या मुलांतही, हे रुंदावणे कमी आढळले. त्या मुलांना काहीही दुखत नव्हते.

मग उणे पडलेले द्रव्य बाहेरून पुरविले म्हणजे झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. अनुभव मात्र निराळा आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर आर्जिनीन देऊन पाहण्याची चाचणी निरुपयोगी व कदाचित अपायकारक ठरल्याने थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ई जीवनसत्त्वाने झटके टळत नाहीत, हे २००० सालच्या मोठ्या चाचणीत दिसून आले. याउलट, रक्तात जंतुविष भिनून नायट्रिक ऑक्साइड अतोनात वाढते व रक्तदाब कोसळतो, तेव्हा त्याची निर्मिती सरसकट रोखणारे औषध दिले असता मृत्यू वाढले, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. जेथे उपचार नेमक्या जागी पोहोचला, तेथे तो यशस्वी झाला : फुप्फुसातील रोहिण्या आकसलेल्या नवजात बालकांना हा वायू श्वासावाटे देण्यास अमेरिकेत १९९९ साली मान्यता मिळाली. वायू फुप्फुसातच कार्य करतो आणि रक्तात मिसळताच निष्प्रभ होतो.

या साऱ्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अंतःस्तराचे मोल त्याने स्रवलेल्या द्रव्यात नसून ते केव्हा, कोठे व किती स्रवावे, या त्याच्या विवेकात आहे. तो विवेक बाटलीत भरून देता येत नाही; परंतु त्याला होणारी इजा थांबविता येते. धूम्रपान सोडणे, रक्तदाब व शर्करा काबूत ठेवणे, कोलेस्टेरॉल उतरविणे आणि नियमित व्यायाम करणे यांनी अंतःस्तराचे कार्य सुधारते, हे मोजमापांनी सिद्ध झाले आहे. व्यायामाचा लाभ तर आता सहज उमगावा : वाढलेला रक्तप्रवाह हीच अंतःस्तराची परिचित भाषा होय, आणि थर शाबूत असेल तोवर तो तिला उत्तर देतो.