ठिणगी वाटणारा डबा

गोव्यात दिवाडी बेटाहून आलेली फेरीबोट डिचोली तालुक्यातल्या नार्व्याच्या धक्क्याला लागली की गाड्या एकेक करून चढावर निघतात. त्यात जुन्या कार्बोरेटरची मारुती ८०० किंवा प्रीमियर पद्मिनी असली, तर कधी स्टार्टर नुसता घरघरतो, इंजिन पकडत नाही. बॅटरी चांगली, टाकीत पेट्रोल आहे. मग जाणता माणूस बॉनेट उघडून आधी डिस्ट्रीब्यूटर बघतो.

कॉइल बॅटरीचे बारा व्होल्ट वीस हजारांच्या घरात नेते. हा करंट कोणत्या प्लगला कधी द्यायचा, ते डिस्ट्रीब्यूटरचा हा डबा ठरवतो. आतला दांडा क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्याचा कॅम कॉइलचा करंट तोडणारे पॉइंट उघडतो आणि वरचा रोटर ढक्कनातल्या ठरलेल्या टोकाला करंट पोचवतो. पद्मिनीत ठिणगीचा क्रम १-३-४-२. तिचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर ठिणग्या. चार्ल्स केटरिंगने ही बॅटरी-कॉइलची रीत १९१०च्या कॅडिलॅकसाठी बसवली. पुढची कित्येक दशकं जगभरच्या पेट्रोल गाड्या तिच्यावरच चालल्या. डिचोली तालुक्यातल्या मिस्त्रींचे हात मात्र खाणीच्या ट्रकांवर बसलेले. ट्रक डिझेलचे, त्यांना ठिणगीच लागत नाही. म्हणून इथे हा डबा ओळखणारा माणूस शोधावा लागतो.

बिघाड ओळखायचा तर गाडी केव्हा अडते, हे आधी पाहावं. माझ्या मते निम्मं निदान तिथेच होतं.

गोकुळाष्टमीला नार्व्याच्या नदीकाठी गर्दी होते, तेव्हा पाऊस ऐन भरात असतो. रात्रभर उघड्यावर राहिलेली गाडी सकाळी झटके देत चालू झाली आणि ऊन पडल्यावर सुधारली, तर ओल ढक्कनात शिरलेली असते. ढक्कन काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावं. आत केसासारखी काळी रेघ दिसली, तर पुसून भागत नाही. करंटने तिथे कोळशाची वाट पाडलेली असते, ढक्कन बदलावंच लागतं. शंका असेल तर अंधारात इंजिन चालू ठेवून, हात न लावता, लांबून बघावं. करंट फुटत असेल तिथे निळी चमक दिसते.

ओलीत नव्हे, तापल्यावर रुसणारी गाडी वेगळी. बंद केल्यावर बॉनेटखालची उष्णता काही मिनिटं उलट वाढते; फेरीत नदी ओलांडेपर्यंत तेवढा वेळ मिळतो. अशा वेळी पॉइंटवरची ठिणगी दाबणारा कंडेन्सर, किंवा पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असेल तर तिचं मॉड्यूल, दगा देतं. थंड झालं की गाडी शहाण्यासारखी सुरू होते आणि गॅरेजात दोष सापडत नाही. पॉइंट वारंवार जळून काळे पडत असतील, तर कंडेन्सरवर संशय घ्यावा.

सर्वांत फसवा दोष दांड्याच्या झिजलेल्या बुशचा. पॉइंटचं अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर; दांडाच डुलत असेल तर हे अंतर दर फेऱ्याला बदलतं, टायमिंग हलतं, चढावर गाडी ओढ धरत नाही. लोक पॉइंट बदलतात, प्लग बदलतात, कार्बोरेटर खोलतात. आठवड्याने पुन्हा तेच. ढक्कन काढून रोटर धरून आडवा हलवावा. बोटांना खडखड जाणवली तर बाकीचा खर्च थांबवून बुशचं काम करून घ्यावं. लेथवाला चांगला असला की ते होतं. दांडा, कॅमही गेला असेल, तर मात्र दुसरा डिस्ट्रीब्यूटर शोधणं स्वस्त पडतं.

मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये संपल्या. मारुती ८०० तर त्याच्या कितीतरी आधी फ्युएल इंजेक्शनवर गेली होती. त्यामुळे सुट्या भागांसाठी जुन्या बाजारात हिंडावं लागतं. तिथलं ढक्कन उजेडात धरून तडे बघावेत, मधला कोळशाचा ब्रश स्प्रिंगवर नीट दबतो का तेही.

आणि डबा काढण्यापूर्वी रोटरचं तोंड कुठे आहे, बॉडी इंजिनवर कुठे बसली आहे, याची खडूने खूण करावी. प्लगच्या वायरींवर आकडे लिहावेत. आणि डबा बाहेर असेपर्यंत स्टार्टरला हात लावू देऊ नये. क्रँक हलला की खुणा फुकट जातात आणि टायमिंग पहिल्यापासून लावावं लागतं.