हॉर्मोनचे रिपोर्ट वाचताना (५) : कॉर्टिसोल किती वाजताचं?

रक्तातलं थायरॉक्सिन दिवसभरात फारसं हलत नाही. कॉर्टिसोलचं तसं नाही. ते पहाटे चढू लागतं, उठण्याच्या सुमारास शिगेला पोचतं आणि मध्यरात्री तळ गाठतं. सकाळी आठला डेसिलिटरमागे १४ मायक्रोग्रॅम असलेल्या निरोगी माणसाचं रात्री अकराला दोनवर आलं, तर तो आजार नव्हे; उलट ते उतरलंच नाही तर डॉक्टर सावध होतात. रात्रपाळी करणाऱ्यांचं तर हे सगळं वेळापत्रकच सरकलेलं असतं. म्हणून दुपारी चारला रक्त देऊन हाती आलेल्या ‘लो’ या शेऱ्यावरून काहीच ठरवता येत नाही. रिपोर्टमध्ये आधी पाहायची ती नमुना घेतल्याची वेळ.

मग लॅब मर्यादा छापते ती कशाला, असं कुणी विचारेल. सकाळसाठी साधारण ५ ते २५ अशी ती असते आणि निरोगी लोकांचे आकडे कुठे पडतात एवढंच ती सांगते. आपला प्रश्न वेगळा असतो : ताप आला, ऑपरेशन झालं, अपघात झाला, तर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी वाढीव कॉर्टिसोल देऊ शकतील का? सकाळचा आकडा ३ च्या खाली असेल तर संशय दाट असतो, १५-१८ च्या वर असेल तर कमतरता जवळजवळ नसतेच. मधला पट्टा मोठा आहे आणि खरी फसगत तिथेच होते. ७ हा आकडा मर्यादेत बसतो, रिपोर्टवर खूण नसते, रुग्ण निश्चिंत होतो. पण ग्रंथी अर्धवट थकलेली असू शकते. अशा वेळी तिला मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीकडून जो हुकूम येतो, त्या एसीटीएचचं इंजेक्शन देऊन अर्ध्या आणि एका तासाने पुन्हा रक्त तपासतात. आकडा १८ च्या वर गेला तर ग्रंथी सक्षम, हा जुना निकष. नव्या तपासणी पद्धतींत तो थोडा खाली आला आहे.

आकड्याइतकंच महत्त्व औषधांच्या यादीला आहे, आणि आपल्याकडे ती कधीच पूर्ण सांगितली जात नाही. गजकर्णावर मेडिकलमधून परस्पर आणलेलं मलम, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, दम्याचा पंप, सांधेदुखीची बिननावाची पुडी : यांतल्या कशातही स्टेरॉइड असू शकतं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की पीयूषिका एसीटीएच पाठवणं कमी करते आणि अधिवृक्क ग्रंथी आक्रसत जातात. त्यात प्रेडनिसोलोन काही चाचण्यांत कॉर्टिसोल म्हणूनच मोजलं जातं, म्हणजे आकडा खोटाच वाढतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही तो फुगतो, कारण कॉर्टिसोल वाहून नेणारं प्रथिन वाढतं.

काहींचा आक्षेप असतो की, आकडे ठीक असले तरी थकवा खरा आहे, मग थोडं स्टेरॉइड घेऊन पाहायला काय हरकत? थकवा खराच असतो. पण ‘अड्रिनल फटिग’ या नावाचा आजार हॉर्मोनतज्ज्ञ मानत नाहीत, कारण त्याला पुरावा नाही. आणि वर सांगितलेल्या कारणाने, गरज नसताना घेतलेलं स्टेरॉइड नसलेली कमतरता निर्माण करतं. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, झोप, नैराश्य यांचा शोध आधी घ्यायला हवा.

याचा अर्थ कमी कॉर्टिसोल हे थोतांड असा मात्र नाही. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये या ग्रंथींच्या नाशाचं वर्णन केलं, तेव्हा क्षयरोग हे त्याचं मोठं कारण होतं. भारतात ते आजही विसरून चालत नाही. वजन घटणं, उभं राहताच चक्कर, मिठाची ओढ, हिरड्यांवर आणि तळहाताच्या रेषांत काळपटपणा, रक्तात सोडियम कमी, अशी लक्षणं एकत्र दिसली तर तपासणी लांबवू नये. एसीटीएच वाढलेलं असेल तर दोष अधिवृक्क ग्रंथीत, कमी किंवा अपुरं असेल तर वरच्या पातळीवर. आणि असा रुग्ण उलट्या होऊन, रक्तदाब कोसळून दवाखान्यात आला, तर रक्ताचा नमुना काढून ठेवायचा आणि रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन द्यायचं.