आगोटीच्या तोंडावर बॉम्बे हाय

मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, उत्तनच्या वाटेवर डोंगरी लागते. समुद्र इथून जवळ. त्या किनाऱ्यावर उभं राहून कितीही ताणून पाहिलं तरी बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र दिसत नाही. ते मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर आत आहे. पण तिथून निघालेलं तेल आणि वायू समुद्राच्या तळावरच्या नळांतून उरणला येतात. तेल ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांकडे जातं. वायूचा काही भाग खतकारखान्यांना, काही वीजकेंद्राला आणि काही महानगर गॅसच्या पिवळ्या नळांतून मुंबई-ठाण्याच्या स्वयंपाकघरांत पोचतो. भाईंदरच्या इमारतीत चहाचं आधण ठेवताना समुद्राची आठवण कुणाला होत नाही, एवढंच.

मे सरत आला की या पट्ट्यातल्या कोळीवाड्यांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या आवराआवरीची, लगबग सुरू होते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढायच्या, शाकारायच्या, जाळी आवरायची. ही लगबग सगळ्यांना ठाऊक आहे. तेलवाल्यांचीही अशीच आगोट असते, ती मात्र फारशी ठाऊक नाही. नळ टाकणं, प्लॅटफॉर्मची दुरुस्ती, रंगकाम ही कामं पावसाळ्यात होत नाहीत. ती ऑक्टोबर ते मे एवढ्यातच उरकावी लागतात. शेकडो वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी त्यासाठी समुद्रात मुक्कामाला जातात आणि निवासी बार्जवर राहतात. बार्ज म्हणजे तरंगतं वसतिगृह. बहुतेकांना स्वतःचं इंजिन नसतं. टगने ओढत न्यायचं आणि नांगर टाकून उभं करायचं.

अडचण अशी की अरबी समुद्रातल्या वादळांचा एक हंगामही नेमका याच दिवसांत, पावसाळ्याच्या तोंडावर येतो.

2021 च्या मे महिन्यात तेच झालं, तौक्ते वादळ आलं. म्यानमारने सुचवलेलं ‘तौक्ते’ हे नाव तिकडच्या एका पालीचं. वादळ मात्र पालीसारखं भिंतीला चिकटून बसणारं नव्हतं. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. 17 मे रोजी, सोमवारी, ते मुंबईसमोरून उत्तरेकडे सरकलं. कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदला गेला, विमानतळ बंद ठेवावा लागला. त्याच दिवशी मुंबईच्या नैऋत्येला, सुमारे 70 किलोमीटरवरच्या हीरा तेलक्षेत्रात पी-305 या बार्जचे नांगर तुटले. त्यावर 261 माणसं होती. कंत्राटदार कंपनीच्या म्हणण्यानुसार वादळाआधी बार्ज प्लॅटफॉर्मपासून दोनशे मीटर मागे घेतला होता. पण नांगर सुटल्यावर दोनशे मीटर म्हणजे काहीच नाही. बार्ज वाहत जाऊन एका प्लॅटफॉर्मवर आदळला, त्यात पाणी शिरलं आणि संध्याकाळी तो बुडाला. लाइफ जॅकेट घातलेली माणसं रात्रभर लाटांत तरंगत राहिली. आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता आणि इतर जहाजांनी त्या खवळलेल्या पाण्यातून 186 जणांना वर काढलं. वादळात बुडालेल्या वरप्रदा या टगवरच्या 13 पैकी दोघेच वाचले. बार्ज आणि टग मिळून 86 जणांचा जीव गेला. काही मृतदेह रायगडच्या आणि थेट वलसाडच्या किनाऱ्याला लागले.

त्याच वादळात गॅल कन्स्ट्रक्टर हा दुसरा बार्ज 137 माणसांसह वाहत पालघरच्या किनाऱ्याजवळ खडकांत रुतला. त्यावरची सगळी माणसं वाचली.

या सगळ्यात तेलाचा तुटवडा पडल्याची ओरड कुठे ऐकू आली नाही. त्याचं कारण सोपं आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंचाऐंशी टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो, त्यामुळे बॉम्बे हायच्या विहिरी चार दिवस थंडावल्या तरी पंपावर ते जाणवत नाही. अमेरिकेत मात्र जाणवतं. मेक्सिकोच्या आखातात 2021 च्या ऑगस्टमध्ये आयडा वादळ आलं, तेव्हा तिथलं पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास तेलउत्पादन बंद ठेवावं लागलं. 2005 च्या कतरीना आणि रीटा या वादळांनी मिळून शंभराहून जास्त प्लॅटफॉर्म मोडले. तिथली रीत मात्र ठरलेली आहे. वादळ आखातात शिरायच्या आधी अत्यावश्यक नसलेली माणसं हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर आणायची, मग विहिरीत खोल बसवलेले व्हॉल्व बंद करायचे आणि शेवटची तुकडीही परत बोलवायची. व्हॉल्व क्षणात मिटतो. माणसं हलवायला दिवस लागतात, म्हणून सुरुवात माणसांपासून.

आपल्याकडे पुरवठ्यालाच मोठा फटका बसला तो 27 जुलै 2005 रोजी, तोही चक्रीवादळाविना. आदल्या दिवशी मुंबई पाण्याखाली गेली होती. समुद्र खवळलेला असताना एका जखमी स्वयंपाक्याला प्लॅटफॉर्मवर पोचवण्यासाठी समुद्र सुरक्षा हे जहाज बॉम्बे हाय नॉर्थजवळ आलं आणि वायूच्या उभ्या नळाला धडकलं. आगीत तो प्लॅटफॉर्म दोनेक तासांत कोसळला, 22 जण गेले आणि दिवसाला सव्वा लाख बॅरलच्या आसपास उत्पादन एका झटक्यात थांबलं.

दाभोळची गोष्ट वेगळीच. तिथल्या द्रवरूप वायूच्या टर्मिनलला लाटा अडवणारा बांध अपुरा होता. त्यामुळे कितीतरी वर्षं पावसाळाभर जहाजं लागतच नसत. वादळाची वाट पाहायचीही गरज नव्हती, साधा मान्सून पुरेसा होता.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेच्या अभ्यासानुसार गेल्या दोन दशकांत अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढली आहेत. उत्तनच्या कोळ्यांना आपलं जाळं निदान ठरल्या तारखेला आवरता येतं. कंत्राटाची मुदत मेअखेर संपत असते, तेव्हा बार्जवर उरलेलं काम उरकून घेण्याची घाई असते आणि किनाऱ्याकडे वळायचं कधी, हे वेल्डरच्या हाती नसतं.

जून 2023 मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ गुजरातकडे येत होतं. ओख्याजवळ की सिंगापूर नावाच्या रिगवर 50 माणसं होती. 15 जूनला वादळ जखाऊजवळ जमिनीवर आलं. त्याआधीच तटरक्षक दलाने शूर या जहाजाने आणि हेलिकॉप्टरने सगळ्यांना ओख्याला आणून सोडलं होतं.